वजीर सी१ नंतरच्या बावीस चाली

बुद्धिबळाचा पट मांडा. उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पांढरा राजा जी१, वजीर डी१, हत्ती ए१ आणि एफ१, घोडा ई३, प्यादी ए२, बी२, डी४, एफ२, जी२, एच२. काळा राजा सी८, वजीर जी५, हत्ती डी८ आणि ई८, उंट सी६, प्यादी ए७, बी७, एफ७, जी७, एच७. सोळावी चाल, पांढऱ्याची. साल १९०९, सेंट पीटर्सबर्गला रशियन बुद्धिबळपटू चिगोरिनच्या स्मरणार्थ भरलेली स्पर्धा. पांढरी मोहरी अकिबा रुबिनस्टाइनची, काळी एमानुएल लास्करची; लास्करला जगज्जेता होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

ही स्थिती कोड्यांच्या संग्रहांत नेहमी भेटते. उत्तर दोन चालींवर असलेली वजिराची एक शांत चाल आहे. ती सापडली की विद्यार्थी खूण करतो आणि पुढच्या कोड्याकडे वळतो. पण त्या क्षणी पांढऱ्याच्या पदरात काय पडलेलं असतं? नीट हिशेब केला तर जेमतेम एक प्यादं. समोर जगज्जेता, दोघांचेही वजीर आणि हत्ती पटावर, आणि डाव संपायला अजून बावीस चाली. वर्षभरात एकच जुना डाव तोंडपाठ करायचा असं कोणी ठरवलं तर मी हाच सुचवेन, आणि तो या बावीस चालींसाठी.

आधी सोळावी चाल. इथे पहिलं काम म्हणजे काळ्याला काय करायचंय ते शोधणं. जी२ या घरावर काळ्या वजिराचा आणि सी६च्या उंटाचा असे दोन मारे आहेत. राजाखेरीज ते घर राखतो फक्त ई३चा घोडा. म्हणून काळ्याला हत्तीने तो घोडा मारायचा आहे. एफ२च्या प्याद्याने हत्ती परत मारला की वजीर जी२, मात. ही धमकी दिसली की हात आपोआप बचावाकडे जातो. एफ३ करून कर्णरेषा बंद करावी? मग ई३चा घोडा राखणारं प्यादंच पुढे गेलेलं असतं, आणि काळा वजीर शह देऊन घोडा फुकट घेतो. जी३ करावं? मात थांबते, पण हत्तीने घोडा मारल्यावर आणि वजिराने ई३वर शह दिल्यावर ए८ ते एच१ या लांब कर्णावर पांढरा राजा उघडा पडतो.

रुबिनस्टाइन १६. हत्ती सी१ खेळला. धमकी तशीच राहू दिली आणि धमकी ज्या उंटाच्या जोरावर उभी होती त्या उंटावर नेम धरला. लास्करने घोडा मारला. १७. हत्तीने सी६चा उंट मारून शह, बी७च्या प्याद्याने हत्ती परत. आता उंट गेला, जी२वरची मात गेली, आणि ई३वरचा काळा हत्ती प्याद्याने मारता येतो. नवशिका तो लगेच मारतो. त्याने काळा वजीर ई३वर शह देत एक प्यादं घेतो, डी४चं प्यादंही लटकतं आणि मिळवलेलं सगळं विरून जातं.

१८. वजीर सी१. या चालीची कामं मोजायला हवीत. सी१ ते जी५ या कर्णावर मधोमध काळा हत्ती ई३वर उभा आहे आणि त्याच्या मागे काळा वजीर, ज्याला कुणाचाही जोर नाही. हत्ती भलतीकडे हलला तर वजीर जातो. हत्ती जागेवर राहिला तर एफ२चं प्यादं त्याला मारतं, आणि आता ई३वर पांढऱ्या वजिराचा जोर असल्याने तो मघाचा शहही उरत नाही. शिवाय सी-पट्टीवर सी६चं प्यादं शहासकट पडायला आलंय. हत्तीने मागे ई५वर येऊन वजिराला जोर दिला तर १९. वजीर सी६ शह, राजा बी८, आणि डी४च्या प्याद्याने ई५चा हत्ती. काळ्याने वजिराने ते प्यादं परत घेतलं की पांढरा हत्ती सी१वर येतो. पांढरा एक प्यादं वर आणि काळ्या राजापुढे आडोसा नाही. लास्करने यातल्या त्यात चिवट मार्ग निवडला: हत्तीने डी४चं प्यादं घेतलं. १९. प्याद्याने ई३, हत्ती डी७. २०. वजीर सी६ शह, राजा डी८.

इथे २१. हत्ती एफ४. कोड्यांत ही चाल कधी येत नाही, पण माझ्या मते ती वजीर सी१च्या तोडीची आहे. काळ्याला ई३चं प्यादं शहासकट खायचं होतं. हत्ती एफ४वर आला की जी५ ते ई३ हा कर्णच बंद होतो, आणि ई३चं प्यादं उलट हत्तीला जोर देतं. वर वजीर ए८ शह, राजा ई७, हत्ती ई४ शह असा हल्ला तयार. लास्करने ई४ हे घर हिरावून घेण्यासाठी एफ७चं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. २२. वजीर सी५, वजीर ई७. २३. वजिरावजिरी झाली आणि २४. हत्तीने एफ५चं प्यादं घेतलं. काळ्याने डी१ आणि डी२वरून शह देत बी२चं प्यादं मिळवलं. सव्विसाव्या चालीनंतर पट असा: पांढरा राजा एफ३, हत्ती एफ५, प्यादी ए२, ई३, जी२, एच२, काळा राजा ई७, हत्ती बी२, प्यादी ए७, जी७, एच७.

हत्तींची अशी शेवटची लढत, चार प्याद्यांविरुद्ध तीन, क्लबमध्ये रोज बरोबरीत सुटते. कारण बहुतेक वेळा तेच असतं. प्यादं वर असलेला खेळाडू आपलं प्यादं राखायला हत्ती मागे नेतो आणि समोरच्याचा हत्ती मोकळा होतो. इथे ए२वर काळ्या हत्तीचा मारा आहे. ते प्यादं दोन घरं पुढे ढकललं तर काळा हत्ती ए२वर येऊन त्याच्या मागे बसतो आणि डावभर सतावतो.

२७. हत्ती ए५. एकाच घरावरून हत्ती मागे ए२ राखतो आणि पुढे ए७वर मारा करतो. ए७ वाचवायला काळ्याला हत्ती बी७वर न्यावाच लागतो. लास्करचा हत्ती पांढऱ्याच्या दुसऱ्या ओळीवरून उठून आपल्या घरच्या बाजूला जाऊन बसला, तेही एका चालीत.

२८. हत्ती ए६. इथे थोडं थांबायला हवं, कारण या डावातलं अंतिम पर्वाचं, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावरच्या खेळाचं, बहुतेक शिक्षण या एका चालीत आहे. हत्ती ए७वरचा मारा सोडत नाही. शिवाय सहावी आडवी ओळ त्याने अडवली. काळा राजा सातव्या-आठव्या ओळीत बंद झाला. फिलिडोरच्या नावाने ओळखला जाणारा हत्तीच्या डावातला बचाव आठवा: बचाव करणारा आपला हत्ती नेमका याच ओळीवर ठेवतो, म्हणजे हल्लेखोर राजाला पुढे येता येत नाही. ती ओळ पांढऱ्याने आधीच घेतली. आता काळा हत्ती सातव्या ओळीला बांधला गेला, कारण ए७ आणि जी७ दोन्ही त्यालाच राखायचे आहेत. काळ्याकडे उरलं ते हत्ती बी७ ते सी७ आणि राजा एफ७ ते एफ८ एवढंच हिंडणं.

पुढे घाई नाही. राजा एफ८, २९. ई४, हत्ती सी७, ३०. एच४, राजा एफ७, ३१. जी४, राजा एफ८, ३२. राजा एफ४, राजा ई७. प्यादी पुढे निघाली आहेत पण एकही प्यादं समोरच्या प्याद्याला भिडलेलं नाही. प्यादी वर असलेल्याने प्याद्यांची अदलाबदल टाळायची, कारण पटावर प्यादी जितकी कमी तितकी बरोबरी जवळ. इथे बरेच जण जी५ करतात, काळा लगेच एच६ करून एक जोडी कमी करतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ई-प्यादं धावत ई६वर नेणं. ते तिथे पोचलं की सहावी ओळ आपल्याच प्याद्याने बंद होते आणि कोंडलेल्या काळ्या राजाला एफ६चं दार उघडतं.

३३. एच५. पुढची धमकी एच६ची. ते घुसलं तर काळ्याच्या राजाकडच्या प्याद्यांची मोडतोड होते. लास्करने एच६ने ते थांबवलं. पण एच७चं प्यादं एच६वर गेलं की जी६ या घराला प्याद्याचा पहारा राहत नाही, आणि जी७चं प्यादं मागे अडकून पडतं. पांढऱ्याला हवं होतं ते एवढंच. ३४. राजा एफ५, राजा एफ७. पांढऱ्या राजाला जी६वर घुसायचं आहे आणि ते घर काळा राजा जातीने राखतोय. ३५. ई५, हत्ती बी७. यापुढे हत्ती डी७ किंवा ई७वर आला की ई६ शह बसतो. ३६. हत्ती डी६, राजा ई७, ३७. हत्ती ए६, राजा एफ७, ३८. हत्ती डी६. तीच स्थिती दुसऱ्यांदा. प्रत्येक चालीला तीस सेकंद मिळणाऱ्या आजच्या स्पर्धांत अशी पुनरावृत्ती विचाराला वेळ देते आणि समोरच्याला कळतं की सुटका नाही. मात्र मोजून करायची. तिसऱ्यांदा तीच स्थिती आली तर तो बरोबरीचा दावा करू शकतो. ३८... राजा एफ८, ३९. हत्ती सी६, राजा एफ७.

४०. ए३. लास्करने डाव सोडला.

ए२चं प्यादं चाळीसाव्या चालीपर्यंत जागचं हललं नव्हतं. आधीच्या दहा-बारा चालींत ते पुढे ढकलायची संधी अनेकदा होती. ते न ढकलल्याने एक राखीव चाल खिशात राहिली, आणि जिथे काळ्याची पाळी येणं हेच काळ्याचं दुखणं होतं तिथे ती वापरता आली. यालाच झुगझ्वांग म्हणतात. काळ्याच्या चाली एकेक करून तपासा. राजा एफ८ किंवा ई७ केला तर पांढरा राजा जी६वर येतो आणि जी७ पडतं. राजा जी८ केला तर राजा जी६ आणि पाठोपाठ सी८वर मातेची धमकी. हत्ती डी७ केला तर ई६ शह देऊन प्यादं हत्ती मारतं. हत्ती ई७ केला तर ई६ शह, राजा जी८, राजा जी६, हत्ती ई८, ई७; आता ते प्यादं हत्तीने खाल्लं तर हत्ती सी८ शह आणि पुढच्या चालीत मात. हत्तीने सातवी ओळ सोडून बी-पट्टीवर बी६खेरीज कुठेही जावं तर हत्ती सी७ शह आणि मग राजा जी६; बी६वर गेला तर पांढरा हत्ती त्याला मारतो. ए६ केलं तर हत्ती ते फुकट घेतो. जी६ करून शह दिला तर ते प्यादंही जातं. हे सगळे फाटे पटावर हाताने खेळून पाहायला अर्धा तास लागतो. तो द्यावा. निव्वळ ‘काळ्याने डाव सोडला’ वाचून पुढे गेलं तर या डावातली सगळ्यात मोठी गोष्ट हातातून जाते.

रुबिनस्टाइन नावाबद्दल थोडं. पोलंडमधल्या, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या, स्ताविस्की गावचा हा माणूस. बुद्धिबळ उशिरा शिकला. वर सांगितलेल्या स्पर्धेत तो आणि लास्कर १८ पैकी साडेचौदा गुणांनी बरोबरीत पहिले आले. तिसऱ्या जागेवरच्यांचे गुण ११. १९१२ या एका वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९१४ला लास्करशी जगज्जेतेपदाचा सामना ठरत होता, महायुद्ध आलं आणि तो झालाच नाही. १९३०च्या हॅम्बर्ग ऑलिम्पियाडमध्ये पोलंडला सुवर्ण मिळालं, त्यात पहिल्या पटावर त्याने १७ डावांत १३ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. १९५०ला जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर किताबाची पहिली २७ जणांची यादी केली, तिच्यात त्याचं नाव होतं. १९६१ला बेल्जियममध्ये अँटवर्पला त्याचं निधन झालं.

अंतिम पर्वाचा उस्ताद म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि त्यामुळे विद्यार्थ्यांना वाटतं की डावपेच शिकायला दुसऱ्या कुणाकडे जावं. हा गैरसमज एका डावाने जातो. १९०७, लोड्झ, काळ्या मोहऱ्यांनी रोटलेवीविरुद्ध. सुरुवातीला दोघांची मांडणी जवळजवळ आरशातल्यासारखी होती, पण रोटलेवीने उंट डी३वरून सी४वर आणि परत डी३वर, वजीर डी२वरून ई२वर, असे वेळ वाया घालवले. समरूप स्थितीत वाया गेलेला वेळ सरळ दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. मग एफ४, ई४, ई५ करून त्याने आपल्याच राजाकडे जाणारे दोन्ही कर्ण उघडले. बाविसाव्या चालीपर्यंत रुबिनस्टाइनचे उंट बी७ आणि बी६वर, हत्ती सी८ आणि डी८वर, घोडा जी४, वजीर एच४. एकही मोहरा घरी बसलेला नाही.

पांढऱ्याने जी३ करून वजिरावर प्यादं घातलं. इथे बघायचं घर ई४. तिथे पांढरा उंट आहे आणि तोच बी७च्या काळ्या उंटाला एच१च्या राजापासून अडवून धरतो. त्याचे राखणदार दोन: सी३चा घोडा आणि ई२चा वजीर. २२... हत्तीने सी३चा घोडा मारला. पहिला राखणदार गेला, वजीर प्याद्याच्या तोंडी तसाच. पांढऱ्या उंटाने हत्ती परत मारला तर काळा उंट ई४वर शह देतो. वजिराने तो उंट मारला की काळा वजीर एच२वर मात करतो. म्हणून २३. प्याद्याने वजीर मारला. २३... हत्ती डी२. दुसऱ्या राखणदाराला जागेवरून ओढण्यासाठी दिलेला हत्ती. २४. वजिराने तो घेतला, आता ई४ला कोणी वाली नाही. उंटाने ई४ मारून शह. २५. वजीर जी२ने आडवा आला आणि तिथेच खिळला गेला. २५... हत्ती एच३, पुढची धमकी एच२वर मात. एच२ला घोड्याचा जोर, जी१वर बी६च्या उंटाचा पहारा. पांढऱ्याने डाव सोडला.

वजीर आणि हत्ती दिले म्हणून हा डाव जगभर सांगितला जातो. शिकणाऱ्याने मात राखणदार मोजत तो खेळून पाहावा, मग लास्करविरुद्धच्या डावाकडे परत यावं. तिथे १६व्या चालीला जी२चा राखणदार ई३चा घोडा होता, आणि रुबिनस्टाइनने मारेकऱ्यांपैकी एक, सी६चा उंट, काढून टाकला. चाळीसाव्या चालीला जी६चा राखणदार काळा राजा होता, ए७ आणि जी७चा राखणदार काळा हत्ती. त्यांना मारायची गरजच पडली नाही, फक्त त्यांच्यावर चाल करायची पाळी आणली. कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे मोहरी देऊन साधलेल्या सक्तीच्या चालींच्या मालिकेत, राखणदार बळाने हटवतात, अंतिम पर्वात त्याला कामाला जुंपून ठेवतात आणि वाट बघतात. म्हणून मला डावपेचांची वही वेगळी आणि अंतिम पर्वाची वही वेगळी ठेवणं पटत नाही.

अभ्यास कसा करायचा? चाली झाकून. लास्करचा डाव खऱ्या पटावर मांडा. स्क्रीनवर बोट फिरवत गेलं तर डोळा पुढची चाल आधी बघतो आणि मनाला वाटतं की आपल्याला ती सुचली होती. चार ठिकाणी थांबा: १६, १८, २७ आणि ४०. पहिल्या दोन ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं, सत्ताविसाव्या चालीला वीस, चाळीसाव्याला दहा. प्रत्येक थांब्यावर आधी काळ्याची धमकी एका वाक्यात लिहा, मग स्वतःच्या दोन किंवा तीन उमेदवार चाली, आणि प्रत्येकीपुढे जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंतचा फाटा. नंतरच कागद उघडा. सत्ताविसाव्या चालीला बहुतेक जण राजा किंवा प्यादं हलवतात, हत्ती ए५ लिहीत नाहीत. लिहिली नसेल तर कारण शोधा: समोरचा हत्ती मोकळा आहे हे दिसलं नव्हतं, की दिसूनही महत्त्वाचं वाटलं नव्हतं? या दोन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीला रोज धमक्या शोधायचा सराव लागतो. दुसरीला हत्तीच्या शेवटच्या लढती भरपूर खेळाव्या लागतात.

खेळायला सव्विसाव्या चालीनंतरची स्थिती घ्या. पंधरा मिनिटं, चालीला दहा सेकंद जादा, समोर बरोबरीचा मित्र. आधी पांढऱ्याकडून, मग बाजू बदलून काळ्याकडून. काळ्याकडून खेळताना फार शिकायला मिळतं, कारण हत्ती ए६नंतर करायला काहीच नाही हे अंगावर येतं. आणि पुढच्या वेळी आपणच प्यादं कमी असलेले असलो तर ए७सारखं प्यादं वेळीच सोडून हत्ती मोकळा ठेवायची बुद्धी होते. तशा बचावात कधी अर्धा गुण वाचतो. पांढऱ्याकडून खेळताना एकच पथ्य: राजा एफ५ला पोचेपर्यंत ए-प्यादं हलवायचं नाही.

इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी लावा. आधी लावलं तर ते पांढरा जिंकतोय एवढं सांगेल, आणि अंतिम पर्वात कधी दुसरी, लांबून जिंकणारी चाल वर दाखवेल. तुमच्या वहीतला फाटा कुठे फुटतो हे शोधायला ते उत्तम. योजना शिकायला रुबिनस्टाइनच लागतो, कारण त्याची प्रत्येक चाल एका वाक्यात सांगता येते: हा हत्ती ओळ अडवतो, हे प्यादं जी६ मोकळं करवतं, हा राजा घुसतो. वहीत त्या बावीस चालींपुढे अशी बावीस वाक्यं लिहिता आली की डाव आपला झाला. एखाद्या चालीपुढे वाक्य सुचत नसेल तर पट पुन्हा तिथपर्यंत मांडा. ३९. हत्ती सी६पाशी बऱ्याच जणांचं असं होतं. तिचं काम म्हणजे सी८वर शहाची धमकी ठेवून काळ्या राजाला एफ७वर परत आणणं, म्हणजे ए३ या पुढच्या चालीनंतर चाल करायची पाळी नेमकी काळ्यावर येईल.

यानंतर त्याच स्पर्धेतला कोनविरुद्धचा डाव घ्या. राजा आणि प्यादी एवढंच पटावर उरलेलं. कोनची एफ-पट्टीवर दोन प्यादी एकामागे एक आणि एच२चं प्यादं एकटं. रुबिनस्टाइनने पंचविसाव्या चालीपासून काळा राजा एफ६, जी५, एच४, एच३ असा चालत नेला. तिथे पोचल्यावर एच२ राखायला पांढऱ्या राजाला जी१ आणि एच१ या दोन घरांपलीकडे जाता येईना. मग काळ्याने ई, एफ, जी आणि एच पट्ट्यांवरची प्यादी एकेक करून पुढे काढली, पांढरा राजा जी१-एच१ करत राहिला. खेळताना बघायचं ते एवढंच की जी-प्यादं जी३ला पोचेल तेव्हा पांढरा राजा कोणत्या घरावर असेल. त्या हिशेबाने आधीच्या चाली एक घर की दोन घरं हे ठरतं. आधी काळी प्यादी वेगळ्या क्रमाने ढकलून पाहा. कुठल्या क्रमात पांढऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते ते लिहून काढा, आणि मग त्याचा क्रम उघडा.